न्यायासनाचा मान आणि वकिलाची जीभ

न्यायालयाच्या अवमानाची चर्चा मराठीच्या वर्गात होते ती बहुधा लेखणीच्या संदर्भात. टिळकांवरील १९०८ च्या खटल्याविषयी लिहिल्याबद्दल न. चिं. केळकरांना चौदा दिवसांची कैद आणि हजार रुपये दंड झाला, हे आपल्याला ठाऊक असते. केळकर वकिली शिकलेले होते, तरी त्यांचा अपराध मानला गेला तो संपादकाचा. शिवाय तिथे छापील मजकूर पुरावा म्हणून समोर होता. सुनावणी चालू असताना वकिलाच्या हातून घडणाऱ्या अवमानाचे तसे नसते. तिथे शब्द हवेत विरतात आणि ज्याचा अपमान झाला तोच फिर्यादी, तोच साक्षीदार, तोच न्यायाधीश ठरतो.

हा पेच कायद्याने ओळखला नव्हता असे नाही. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यातील चौदाव्या कलमानुसार, उच्च वा सर्वोच्च न्यायालयात समक्ष अवमान केल्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला, आपले प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशासमोर चालावे अशी विनंती करता येते. मात्र तसे झाल्यास मूळ न्यायाधीशाने साक्षीला उभे राहण्याची गरज नसते. त्याचे लेखी निवेदनच पुरावा धरले जाते. म्हणजे फिर्यादी आणि न्यायाधीश वेगळे झाले, पण साक्षीदाराची उलटतपासणी काही होत नाही.

या तरतुदीमागील प्रश्नाचा खरा कस लागला तो १९९४ साली. अलाहाबाद उच्च न्यायालयात ९ मार्चला न्या. केशोते यांनी एका आदेशाचा कायदेशीर आधार विचारला, तेव्हा ज्येष्ठ वकील विनयचंद्र मिश्र भडकले आणि त्यांनी बदली व महाभियोगाच्या धमक्या दिल्या, असे न्यायमूर्तींनी पत्राने कळवले. मिश्र तेव्हा भारतीय विधिज्ञ परिषदेचे अध्यक्ष होते. वकिलांच्या शिस्तीचे सर्वोच्च राखणदारच आरोपी! न्यायमूर्तींची उलटतपासणी घेऊ द्यावी, ही त्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. १० मार्च १९९५ चा निकाल लिहिला तो मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेल्या न्या. पी. बी. सावंत यांनी. सहा आठवड्यांची साधी कैद (ती चार वर्षांसाठी स्थगित) आणि तीन वर्षे वकिली बंद, अशी ती शिक्षा होती.

यातला दुसरा भाग टिकला नाही. १७ एप्रिल १९९८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, अवमानाची शिक्षा म्हणून न्यायालयाला सनद निलंबित करता येत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने ते काम विधिज्ञ परिषदेकडे सोपवले आहे. आपल्याच अधिकाराला आपणच घातलेली ही मर्यादा मला या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

खालच्या न्यायालयांत मात्र हा प्रश्न रोजचा आहे. पनवेलसारख्या ठिकाणच्या दंडाधिकाऱ्यासमोर कुणी हेतुपुरस्सर अपमान केला, तर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार त्याच दिवशी, न्यायालय उठण्यापूर्वी, दोनशे रुपयांपर्यंत दंड करता येत असे. २०२३ च्या नव्या संहितेने ती मर्यादा हजारावर नेली. रक्कम बदलली, अपमानित आणि निवाडा करणारा मात्र एकच राहिला.

या सगळ्यात तिसऱ्या माणसाचा विसर पडतो, तो पक्षकाराचा. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७९ साली पुण्यात आरोपी म्हणून उभे होते, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका यांनी. राजद्रोह्याची बाजू राजाच्याच न्यायालयात मांडणे, हे त्या काळी लहान धाडस नव्हते. वकिलाची निर्भयता ती हीच. न्यायाधीशावर ओरडणे म्हणजे निर्भयता नव्हे. आणि अवमानाच्या धाकाने वकील गप्प बसला, तर तो न्यायासनाचा मानही नव्हे. दोन्ही वेळी तोटा होतो तो मागच्या बाकावर आपल्या तारखेची वाट पाहत बसलेल्या माणसाचा. अवमानाचा प्रत्येक निकाल त्याच्या बाजूने वाचून पाहायला हवा.