रक्त दिसण्याआधीचे शंभर तास

पावसाळा लागला की सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली भागातल्या पत्र्याच्या शेडमधून एकच तक्रार ऐकू येते. कालपर्यंत टुणटुणीत असलेली पिल्लं आज रक्त हगताहेत, असं काय झालं रात्रीत? खानदेशातून यंत्रमागांच्या मागे इथे आलेल्या अनेक घरांत गावाकडची कोंबडी पाळायची सवयही आली, आणि हा प्रश्नही. रात्रीत काहीच झालेलं नसतं. जे व्हायचं ते पाच-सहा दिवस आधीच सुरू झालेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात खाद्याच्या डब्याजवळ झालेली असते.

खालचा घटनाक्रम एका ठरावीक घराचा नाही. डिंडोलीकडच्या एका शेडमध्ये वीस दिवसांची शंभर गिरिराज पिल्लं आहेत आणि घरातल्या काकू ती सांभाळतात, असं धरून तो मांडला आहे. रोगाचं घड्याळ मात्र खरं आहे. रक्ती हगवणीचा परजीवी, म्हणजे आयमेरिया टेनेला, सगळ्या पिलांच्या पोटात जवळपास याच वेळापत्रकाने चालतो.

शनिवार, सकाळी ७. संसर्गाला अजून ४८ तास बाकी.

स्टार्टरचं, म्हणजे पिलांच्या खाद्याचं, पोतं संपलं. पाऊस धो धो, दुकान लांब. मोठ्या कोंबड्यांसाठी आणलेली लेयर मॅश घरात आहे, थोडा मक्याचा भरडा आहे आणि डब्याच्या तळाशी उरलेलं फरसाण. काकू तिन्ही घमेल्यात कालवून फीडर भरतात. पिल्लं तुटून पडतात, म्हणून सगळं ठीक वाटतं.

इथे थांबून बघायला हवं, कारण पुढचं सगळं या घमेल्यातून निघतं. लेयर मॅश अंड्यावरच्या कोंबडीसाठी असते. कवच बनायला लागतं म्हणून तिच्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं. पिलाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकताना कोवळ्या मूत्रपिंडावर ताण पडतो आणि विष्ठा पातळ, पांढरट होते. मक्यात प्रथिनं जेमतेम आठ-नऊ टक्के. वाढत्या पिलाला वीसच्या घरात लागतात. फरसाणात मीठ. पिलाच्या खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवतात, कारण ते वाढलं की पिल्लू पाणी पीत सुटतं आणि पाण्यासारखं हगतं. शिवाय बऱ्याच तयार स्टार्टरमध्ये कॉक्सीडिओस्टॅट, म्हणजे याच परजीवीला दाबून ठेवणारं औषध, थोड्या मात्रेत मिसळलेलं असतं. पोत्याच्या लेबलवर तसं छापलेलंही असतं, पण ते वाचणारे थोडे. पोतं संपलं त्या क्षणी ते कवचही गेलं.

पैसे वाचवायला कुणी हे केलं तर त्याला मी दोष देत नाही. पण वाचवायचंच असेल तर मोठ्या कोंबड्यांच्या खाद्यात वाचवावं. पहिले सहा आठवडे पिलाच्या तोंडात पिलाचंच खाद्य जायला हवं.

शनिवार, संध्याकाळी ५. ३८ तास बाकी.

ड्रिंकर जमिनीला टेकलेला आहे. त्याची कड पिलाच्या पाठीइतकी उंच हवी. खाली असला की पिल्लं त्यात पाय घालतात, पाणी सांडतं. वरून पातळ विष्ठा. ड्रिंकरभोवती हातभर घेरात भाताच्या तुसाची काळपट ढेप झाली आहे. लिटर, म्हणजे अंथरलेलं तूस, तपासायची रीत अगदी सोपी. मूठभर तूस घट्ट दाबायचं आणि मूठ उघडायची. गोळा आपोआप सुटला तर ओल बेताची. तसाच राहिला तर त्या जागेचं तूस त्याच दिवशी काढून टाकायचं आणि कोरडं घालायचं. पाच मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात कितीही पैसे ओतले तरी या पाच मिनिटांची भरपाई होत नाही.

रविवार, दिवसभर.

मोठ्या कोंबड्यांच्या विष्ठेतून किंवा चपलेला चिकटून परजीवीची अंडी, ऊसिस्ट, आधीच शेडमध्ये आलेली आहेत. ताजी ऊसिस्ट निरुपद्रवी असते. ती पिकावी लागते आणि पिकायला तिला ऊब, ओल आणि हवा हवी. २८-३० अंशांना हे काम एक-दोन दिवसांत होतं. सुरतेतला श्रावणातला पारा दिवसरात्र त्याच्याच आसपास घुटमळतो आणि ओल तर काकूंच्या ड्रिंकरखाली आयती आहे. सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणाऱ्या प्रत्येक ऊसिस्टमध्ये आता आठ बीजं तयार होतात.

सोमवार, सकाळी ७. तास शून्य.

पिल्लं ओल्या तुसात टोचतात. पिल्लू दाण्यासाठी टोचतं, तसं उगीचही टोचतं. एक-दोन ऊसिस्टनी पिल्लू मरत नाही, उलट थोडी प्रतिकारशक्ती येते. पण ढेप झालेल्या लिटरमध्ये प्रत्येक टोचीबरोबर त्या पुष्कळ जातात आणि दिवसभरात हजारोंनी पोटात पोचतात.

पेषणी, म्हणजे गिझार्ड, दाण्याबरोबर ऊसिस्टचं कवचही भरडते. पुढे आतड्यातलं पित्त आणि पाचक रस आतली बीजं मोकळी करतात. अन्न पचवायची यंत्रणाच शत्रूला दार उघडून देते. दुपार व्हायच्या आत ही बीजं आतड्याच्या शेवटाजवळच्या दोन आंधळ्या पिशव्यांपर्यंत पोचून तिथल्या पेशींमध्ये शिरतात.

मंगळवार.

काहीही दिसत नाही. पिल्लं खातात, पितात, भांडतात.

बुधवार, संध्याकाळी ७. तास ६०.

पेशींच्या आत एकेका बीजाची सुमारे नऊशे झाली आहेत. पेशी फुटू लागतात. आठ गुणिले नऊशे, म्हणजे एका ऊसिस्टमागे सात हजारांवर. ही सगळी नवीन पेशी शोधायला निघतात.

आता काकूंना काही दिसू शकतं, पण बारकाईने पाहिलं तरच. सात-आठ पिल्लं ब्रुडरच्या दिव्याखाली गोळा झाली आहेत, पंख जरा सैल, पिसं फुललेली. रात्री पिल्लू हातात घेऊन मानेखालची खाद्यपिशवी बोटांनी चाचपावी. नेहमी ती भरलेली आणि मऊ लागते, आज काहींची रिकामी लागेल. काकू बूड तपासतात. बूड चिकटलेलं नाही, म्हणून निश्चिंत होतात. बूड चिकटणं हा मुख्यतः पहिल्या आठवड्याचा, गारठ्याचा किंवा जास्त उष्णतेचा आजार. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो सुटतो. इथे त्याचा संबंध नाही.

अॅम्प्रोलियम हे स्वस्त आणि सर्वांना माहीत असलेलं औषध परजीवीच्या याच पहिल्या पिढीवर सर्वांत जोरात चालतं. म्हणजे पाण्यातून ते द्यायची खरी वेळ आज रात्रीपर्यंतची. ज्या शेडमध्ये पूर्वी रक्ती हगवण येऊन गेली आहे, तिथे सुस्ती दिसल्याबरोबर पशुवैद्याला फोन करावा. रक्ताची वाट बघू नये.

शुक्रवार, सकाळी ७. तास ९६.

दुसरी पिढी आतड्याच्या भिंतीत खोल शिरून वाढली आहे, रक्तवाहिन्यांच्या अगदी लगत. तीही आता फुटू लागते. पुस्तकी गुणाकार करायचा तर एका ऊसिस्टमागे २५ लाख २० हजार. प्रत्यक्षात इतकी होत नाहीत, पण भिंत फाटायला त्याचा छोटा हिस्साही पुरतो.

शेड उघडताच मुलगी ओरडते, “काकू, रक्त!” तुसावर लालभडक ठिपके.

पुढचे बारा तास बहुतेक घरांत सारखेच जातात. हळदीचं पाणी. घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल, जी या परजीवीवर काहीच करत नाही. मग औषधाच्या दुकानातून अॅम्प्रोलियम, आणि अशक्तपणा आहे म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्सची बाटली. ही जोडी पाहिली की मला तळमळ होते. अॅम्प्रोलियम दिसायला ब-१ जीवनसत्त्वासारखं असतं. परजीवी ते ब-१ समजून घेतो आणि उपाशी मरतो. त्याच पाण्यात खरं ब-१ ओतलं की त्याची उपासमार संपते. घरच्यांनी प्रेमाने दिलेलं टॉनिक औषधाचाच कणा मोडतं. या दिवसांत अ आणि के जीवनसत्त्व द्यावं, बी-कॉम्प्लेक्स औषध संपल्यावर. आणि इतका उशीर झालेला असताना टोल्ट्राझुरिलसारखं, परजीवीच्या पुढच्या अवस्थांवरही चालणारं औषध लागेल का, हे पशुवैद्यालाच ठरवू द्यावं.

शनिवार, सकाळी ७. तास १२०.

अकरा पिल्लं मेली आहेत. तुरे पांढरेफटक. पाचव्या-सहाव्या दिवशीच मर सर्वांत जास्त असते.

एक पिल्लू पशुदवाखान्यात जातं. डॉक्टर पोट उघडतात. निरोगी पिलात त्या दोन आंधळ्या पिशव्या बारीक, मातकट-हिरवट दिसतात. इथे दोन्ही टम्म फुगून काळ्या-तांबड्या झाल्या आहेत, चिरल्यावर नुसतं रक्त आणि गुठळ्या. निदान दोन मिनिटांत होतं.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. घरी पिल्लू चिरू नका, आणि रक्ताशिवाय, तडकाफडकी, ढिगाने मर झाली तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी शिवूही नका. सुरतेहून भुसावळच्या गाडीत बसलं की नवापूर लागतं. २००६ च्या जानेवारीअखेर तिथे कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा पहिला अंदाज मानमोडीचा होता. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीवरून बर्ड फ्लू जाहीर झाला. देशातली ती पहिली नोंद. हद्दीपलीकडचं उच्छल तेव्हा सुरत जिल्ह्यातच होतं आणि साथ तिथेही पोचली. त्या फेरीत १० लाखांवर पक्षी मारावे लागले. लक्षणांवरून घरबसल्या नाव देण्यात मधले तीन आठवडे कसे जातात, हे नवापूरने भोगलं आहे.

रविवार, सकाळी ७. तास १४४.

मर उतरते. जी पिल्लं वाचली ती हळूहळू खाऊ लागतात, आणि आजपासून त्यांच्या विष्ठेतून नव्या ऊसिस्ट पडू लागतात, पुढचे काही दिवस लाखोंनी. वाचलेल्या पिलांना या जातीपासून चांगली प्रतिकारशक्ती मिळते. पण कोंबडीच्या आयमेरियाच्या सात प्रमुख जाती आहेत आणि एकीची प्रतिकारशक्ती दुसरीला लागू पडत नाही.

काकू फिनाईलची बादली आणतात. फिनाईलने ऊसिस्ट मरत नाही. नेहमीचं जंतुनाशक तिच्या कवचाला भेदत नाही. तिला मारतात कोरडेपणा, उष्णता आणि अमोनिया. म्हणून सगळं तूस खरवडून पोत्यात भरून शेडपासून लांब खड्ड्यात टाकायचं, जमीन सुकवून फ्लेमगनने भाजून घ्यायची, चुना मारायचा, शेडची चप्पल शेडपुरतीच ठेवायची, ड्रिंकर विटांवर चढवायचा. नवापूरहून पुढची पिल्लं मागवायची तर त्याआधी स्टार्टरची दोन पोती घरात असायला हवीत, आणि त्यातलं पहिलं अर्ध्यावर आलं की तिसरं सांगून ठेवायचं.