मंद उजेडाचा हुकूम

थिएटरच्या केबिनमध्ये माझी तीस वर्षं गेली. दिव्याला आधी कार्बनच्या कांड्या, मग झेनॉन. रीळ गेटमध्ये अडकलं की पडद्यावर हिरोच्या कपाळावर तपकिरी फोड यायचा, बघता बघता पसरायचा आणि खाली शिट्ट्या सुरू. मोठ्या पडद्याला दिवा प्रखर लागतो, आणि प्रखर दिव्यासमोर चित्र टिकत नाही, हे मी तिथे शिकलो.

टीव्हीवाल्यांचं दुखणं निराळं. पिक्चर ट्यूबचं चित्र स्वतःच उजळतं, पण मोठ्या पडद्यावर नेलं की विझल्यासारखं दिसतं. झुरिकच्या फ्रिट्झ फिशरनी १९३९ पासून निर्वात कप्प्यात तेलाच्या थरावर इलेक्ट्रॉनने चित्र उमटवून त्यावरून आर्कचा उजेड फेकायचा घाट घातला. तो आयडोफोर. चालला, पण जपावा लागे.

कॅलिफोर्नियात मालिबूला ह्यूज कंपनीची प्रयोगशाळा होती. १९६० मध्ये पहिला लेसर तिथलाच. १९७० च्या दशकात मंद चित्राच्या याच दुखण्यावर तिथे काचांची एक चवड तयार झाली. एका बाजूला कॅडमियम सल्फाइडचा थर. अंधारात तो वीज अडवतो, उजेड पडेल तिथे सोडतो. मग उजेड रोखणारा काळा थर, आरसा आणि शेवटी द्रव स्फटिकाची पातळ साय. मागून छोट्या ट्यूबचं मंद चित्र पडलं की उजळ ठिपक्यापाशी विजेचा दाब द्रव स्फटिकावर येतो, रेणू कलतात. पुढून येणाऱ्या झेनॉनच्या ध्रुवित उजेडाची दिशा तिथेच फिरते आणि तेवढाच उजेड पडद्याकडे सुटतो. हुकूम देणारा दिवा आणि राबणारा दिवा एकमेकांना पाहतही नाहीत! मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

कॅडमियम सल्फाइड सुस्त होतं, हलतं चित्र मागे रेंगाळे. पुढे त्याच्या जागी अमॉर्फस सिलिकॉन आलं आणि १९९० च्या दशकात ह्यूज-जेव्हीसीचे प्रोजेक्टर बाजारात उतरले. रंगासाठी तीन ट्यूब, तीन चवडी, आणि तिन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसवायची. ऑपरेटरच्या कपाळाला आठ्या पडणारच.

जून १९९९ मध्ये अमेरिकेतल्या चार थिएटरांत ‘स्टार वॉर्स’चा नवा भाग रिळाशिवाय दाखवला. दोन ठिकाणी ह्यूज-जेव्हीसी, दोन ठिकाणी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे सूक्ष्म आरशांचे प्रोजेक्टर. थिएटरवाल्यांनी पुढे आरसेच उचलले.

आमच्या केबिनमध्येही आरसेच आले. झेनॉनचा बल्ब मात्र तसाच, फुटला तर बॉम्बसारखा. तो बदलताना मी तोंडावर मुखवटा चढवायचो, आणि हाताखालच्या पोराला दाराबाहेर उभं करायचो.