रोमन शेतघरातील पंगत: जेवले कोण, रांधले कोणी?

१/ इ.स.पू. ४५, १९ डिसेंबर. नेपल्सच्या आखाताकाठी, पुतेओली नगराच्या परिसरातील आपल्या शेतघरात रोमचा विख्यात वक्ता सिसेरो एका पाहुण्याची वाट पाहत होता. पाहुणा एकटा येणार नव्हता. त्याच्यासोबत सुमारे २,००० माणसे होती. पाहुण्याचे नाव होते ज्युलियस सीझर. यादवी युद्ध जिंकून तो रोमचा सर्वाधिकारी झाला होता आणि त्या युद्धात सिसेरो पराभूत पक्षात होता.

२/ आदल्या संध्याकाळी सीझर फिलिपस नावाच्या सरदाराच्या शेतघरी उतरला होता. सैनिकांनी ते घर इतके भरून गेले, की खुद्द सीझरला जेवायला दालन मोकळे मिळणे कठीण झाले. ही वार्ता कानी येताच सिसेरो धास्तावला. अखेर सैन्याचा तळ उघड्या रानात पडला आणि सिसेरोच्या घरावर पहारा बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी सीझर समुद्रकाठी फिरला, स्नान करून आला आणि रोमन रिवाजाप्रमाणे भोजनाच्या मंचकावर रेलला.

३/ बेत उत्तम जमला. वांतीचे औषध घेण्याचे पथ्य चालू असल्याने सीझर निर्धास्तपणे, मनसोक्त जेवला. त्याच्या लवाजम्यासाठी आणखी तीन दालनांत पंगती मांडल्या होत्या. राजकारणाचा विषय निघाला नाही. गप्पा झाल्या त्या साहित्याच्या. त्यानंतर सिसेरोने अ‍ॅटिकस या जिवलग मित्राला पत्र लिहून सारी हकिकत कळवली. त्याच्या सांगण्याचे सार असे, की यजमानाची अब्रू राहिली. पण परतताना पुन्हा या, असे म्हणावे असा हा पाहुणा नव्हता. एकदा आला तेवढे पुरे. पुढच्या १५ मार्चला, म्हणजे तीन महिन्यांच्या आतच, रोममध्ये सीझरचा खून झाला.

४/ शेतघरी मित्रांना जेवू घालणे हे रोमन सुशिक्षितांच्या दृष्टीने आयुष्यातील एक मोठे सुख होते. त्याविषयी त्यांनी पत्रे लिहिली, कविता रचल्या. सिसेरोच्या त्या दिवशीच्या पंगतीत अन्न होते, पाहुणा होता, विद्वत्तापूर्ण गप्पाही होत्या. नव्हता तो मोकळेपणा. रोमन माणूस शेतघरात नेमके काय शोधत होता आणि ते सुख कोणाच्या कष्टांवर उभे होते, हे त्याच्या स्वयंपाकातून समजून घेता येते.

५/ प्रथम शब्दाचा उलगडा. लोणावळा-अलिबागच्या जाहिरातींतून आज सर्रास दिसणारा ‘व्हिला’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ शेतावरचे घर. संपन्न रोमन व्हिलाचे बहुधा दोन भाग असत. एकात मालकाची दालने, स्नानगृह, भोजनगृह. दुसऱ्यात तेलाचे घाणे, द्राक्षे चेपण्याची यंत्रे, धान्याची कोठारे, गोठे आणि राबणाऱ्यांच्या खोल्या. एकाच छपराखाली विश्रांतीही नांदत असे आणि कष्टही.

६/ रोममध्ये शनिवार-रविवारची सुट्टी नव्हती. तरीही शहरातील कामातून निसटून शेतघर गाठण्याची ओढ होतीच. इ.स. १००च्या सुमारास पत्रे लिहिणारा धाकटा प्लिनी व्यवसायाने वकील व सरकारी अधिकारी होता. त्याचे समुद्रकाठचे लॉरेंटमचे घर रोमपासून १७ रोमन मैलांवर, म्हणजे सुमारे २५ किलोमीटरवर होते. दिवसभराचे काम उरकून रात्री मुक्कामाला तेथे पोहोचता येते, याचे त्याला फार कौतुक होते. उत्तम कोळंबी मिळते आणि दूधही मुबलक असते, हेही त्याने आवर्जून नोंदवले आहे.

७/ त्याच्या सव्वाशे वर्षे आधी होरेस या कवीला असेच सुख लाभले होते. होरेसचे वडील एके काळी गुलाम होते. पुढे त्यांची मुक्तता झाली. इ.स.पू. ३३च्या सुमारास मेसेनास या धनाढ्य आश्रयदात्याच्या कृपेने होरेसला साबाइन डोंगराळ प्रदेशात एक शेत मिळाले. आजच्या तिवोलीच्या पलीकडे, लिचेंझा गावाजवळच्या खोऱ्यात ते होते. या शेताने त्याला उदरनिर्वाहाबरोबरच स्वतःच्या चुलीसमोर मित्रांना बसवण्याचा मानही दिला.

८/ त्या घरचे जेवण होरेसने एका कवितेत वर्णिले आहे. शेंगांचे दाणे आणि डुकराच्या चरबीत परतलेला पाला, एवढाच बेत. शहरी मेजवान्यांत कोणी किती मद्य प्यावे हे पंगतीचा एक नेमलेला प्रमुख ठरवी. होरेसच्या घरी हा नियम नव्हता. ज्याला जेवढे रुचेल तेवढे त्याने घ्यावे. इतरांच्या मालमत्तेची चर्चा तेथे वर्ज्य होती. माणूस सुखी कशाने होतो, पैशाने की सद्गुणाने? मैत्री कशी जुळते? असे विषय निघत. मग एखादा शेजारी शहरी उंदीर आणि रानउंदीर यांची गोष्ट सांगे.

९/ ही गोष्ट आजही मुलांना सांगितली जाते. शहरातील पक्वान्नांवर जीव मुठीत धरून ताव मारण्यापेक्षा रानातील कोरडे दाणे निर्भयपणे खाणे बरे, हे तिचे तात्पर्य. रोममधील सत्तास्पर्धा जवळून पाहिलेल्या माणसाच्या तोंडी ती नुसती बालकथा राहत नाही. साध्या अन्नाशी निर्भयतेची सांगड घालण्याची ही रोमन रीत होती. सिसेरोच्या घरची ती पंगत मात्र शहरी उंदराच्या पंगतीसारखी होती.

१०/ या आदर्शाचे ढोंगही लवकरच सुरू झाले. पहिल्या शतकाच्या अखेरीस मार्शल या उपहासकवीने बासुस नावाच्या गृहस्थाचे चित्र रंगवले. रोमच्या वेशीवर त्याची गाडी उभी आहे. गाडीत कोबी, कांद्याची पात, बीट, ससा, डुकराचे पिल्लू. पुढे पेंढ्यात जपून ठेवलेली अंडी घेऊन धावणारा नोकर. वाचकाला वाटते, शेतावरचा माल घेऊन स्वारी शहरात निघाली आहे. शेवटी कळते, की स्वारी शहरातून शेतघराकडे चालली आहे!

११/ दुसऱ्या कवितेत मार्शल त्याच बासुसच्या घराची तुलना फाउस्टिनस या मित्राच्या शेतघराशी करतो. फाउस्टिनसकडे धान्याने भरलेली कोठारे, अंगणात बदके, मोर, तितर. भेटीला येणारी कुळे मध आणि चीज घेऊन येतात आणि शेजारी आनंदाने पंगतीला बसतात. बासुसच्या मनोऱ्यावरून मात्र नुसती शोभेची झाडे दिसतात. घर देखणे, चूल उपाशी. स्वतःच्या मातीत पिकलेले पाहुण्याला वाढणे ही रोमन मनात प्रतिष्ठेची खूण होती. म्हणूनच तिची नक्कल करणारा विनोदाचा विषय ठरला.

१२/ अर्थात, ‘सारे काही घरचेच’ हा दावा पूर्ण खरा क्वचितच असे. रोमन पाककृतींच्या उपलब्ध संग्रहात मिरीवाचून होणारे पदार्थ थोडेच आहेत आणि ही मिरी येई मलबारच्या किनाऱ्यावरून, मुझिरिससारख्या बंदरांतून. थोरल्या प्लिनीने काळ्या मिरीचा भाव पौंडाला ४ दिनार नोंदवला आहे आणि निव्वळ तिखटपणासाठी लोक इतक्या दूरच्या वस्तूमागे लागतात याबद्दल नाराजीही व्यक्त केली आहे. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत पैठण, तेर आणि कल्याण यांचीही नावे येतात. साध्या वाटणाऱ्या जेवणामागे सागरापारचा व्यापार उभा होता.

१३/ आता पंगतीकडे वळू. मराठीत पंक्तिप्रपंच असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. एकाच पंगतीत माणूस पाहून वेगवेगळे वाढणे. धाकट्या प्लिनीने एका पत्रात नेमके हेच सांगितले आहे. एका यजमानाने स्वतःला व निवडक पाहुण्यांना उत्तम पदार्थ वाढले आणि बाकीच्यांना हलके. मद्याच्याही तीन प्रती होत्या: एक बड्यांसाठी, दुसरी कमी दर्जाच्या मित्रांसाठी, तिसरी मुक्तदासांसाठी. मुक्तदास म्हणजे मालकाने मुक्त केलेले गुलाम.

१४/ ‘तुमच्याकडे काय पद्धत आहे?’ असे शेजारी बसलेल्याने प्लिनीला विचारले. सर्वांना सारखेच वाढतो, असे प्लिनीने सांगितले. मुक्तदासांनाही? होय, पंगतीत बसल्यावर ते मुक्तदास नसतात, सहभोजक असतात. मग खर्च फार येत असेल! तोही येत नाही, कारण मुक्तदासांना मालकाचे मद्य मिळत नाही. मालकच मुक्तदासांचे मद्य पितो. समतेचा हा हिशेब मोठा चतुर आहे. पण त्याच्या मर्यादाही उघड आहेत. मुक्त झालेल्याला पंगतीत जागा होती. जो अद्याप गुलाम होता, तो वाढत होता.

१५/ मग रांधत कोण होते? उत्तर सर्वांत जुन्या उपलब्ध लॅटिन गद्यग्रंथात सापडते. इ.स.पू. १६०च्या सुमारास थोरल्या केटोने शेतीवर पुस्तक लिहिले. शेतघराचा कारभारी गुलाम असे आणि त्याची जोडीदारीण स्वयंपाकघर सांभाळी. चूल रोज झाडून स्वच्छ ठेवणे, सर्वांचा स्वयंपाक तयार ठेवणे, पुष्कळ कोंबड्या पाळणे, नासपती, अंजिरे व मनुका साठवणे ही तिची कामे केटोने एकेक करून सांगितली आहेत. पाहुण्यांनी वाखाणलेल्या प्रत्येक ‘घरच्या’ पदार्थामागे ही स्त्री होती. केटोच्या पुस्तकात तिला नाव नाही.

१६/ याच पुस्तकात ‘लीबुम’ या भाकरीची कृती आहे: दोन पौंड चीज खलात कुटावे, त्यात एक पौंड पीठ आणि एक अंडे मिसळून मळावे, गोळा पानांवर ठेवून उबदार चुलीवर मातीच्या झाकणाखाली मंद भाजावा. आणि याच पुस्तकात गुलामांच्या शिध्याचा तक्ताही आहे. तोंडी लावायला झाडाखाली गळून पडलेली ऑलिव्हे. ती संपली की मासळीच्या चटणीचा गाळ आणि व्हिनेगर. म्हातारा किंवा आजारी गुलाम विकून टाकावा, असा सल्लाही केटो देतो. पाककृती आणि हा सल्ला एकाच लेखणीतून उतरले आहेत.

१७/ होरेसच्या शेतावरही गुलाम होते. किती, याचा अंदाज त्याच्याच एका विनोदी कवितेतून येतो. सॅटर्नेलिया या डिसेंबरातील सणात गुलामांना चार शब्द मोकळेपणाने बोलण्याची मुभा असे. ती घेऊन डेव्हस नावाचा गुलाम धन्याला सुनावतो: शहरात असताना तुम्हाला खेड्याची ओढ लागते आणि खेड्यात गेलात की शहराचे कौतुक सुचते! चिडलेला धनी धमकी देतो, निघून जा, नाहीतर साबाइन शेतावर नववा मजूर म्हणून पाठवीन. म्हणजे आधीचे आठ तेथे राबत होते. कवीला जे शेत स्वर्ग वाटे, तेच त्याच्या गुलामासाठी शिक्षेचे ठिकाण होते. सीझर सिसेरोकडे जेवला, तोही याच सणाचा तिसरा दिवस होता.

१८/ दुसऱ्या शतकाच्या आरंभी जुव्हेनल या कवीने एका मित्राला साध्या जेवणाचे निमंत्रण दिले. जेवण रोममध्ये, पण जिन्नस तिबूरच्या, म्हणजे तिवोलीच्या शेतावरचे: तेथले कोवळे करडू, कारभारणीने हातातली चाती बाजूला ठेवून डोंगरातून खुडून आणलेले अ‍ॅस्परॅगसचे कोंब, पेंढ्यात गुंडाळलेली अजून ऊबदार अंडी, जपून ठेवलेली द्राक्षे. वाढायला मात्र शहरी तालमीतले नोकर नाहीत. शेतावरचीच दोन साधी मुले आहेत, एक मेंढपाळाचा, दुसरा गुराख्याचा.

१९/ यजमानाच्या साधेपणाचा पुरावा म्हणून ही मुले कवितेत आली आहेत. पण त्यांतील एकाबद्दल कवी जाता जाता सांगून जातो, की बऱ्याच दिवसांत न भेटलेल्या आईसाठी तो उसासे टाकतो; त्याला आपली झोपडी आणि ओळखीची करडे आठवतात. त्याच पंगतीत करडू शिजले आहे. कवीला हे लक्षात आले होते की नाही, कळायला मार्ग नाही. आजच्या वाचकाला मात्र त्या मुलापुढे थांबावे लागते.

२०/ ग्रंथांनी जे ओझरते सांगितले, त्यावर उत्खननाने प्रकाश टाकला. पॉम्पेईच्या तटाबाहेर, सुमारे ७०० मीटरवर, चिविता जुलियाना येथे इ.स. ७९च्या ज्वालामुखीत गाडले गेलेले एक आलिशान शेतघर आहे. २०२१मध्ये तेथे सुमारे १६ चौरस मीटरची एक खोली उजेडात आली. उंचावर एकच लहान खिडकी, भिंतींवर चित्रकाम नाही. कोपऱ्यांत मातीचे रांजण रचलेले. घोड्यांचे सामान असलेली पेटी. आणि दोरीने विणलेल्या तीन बाजा. दोन सुमारे १.७० मीटर लांबीच्या. तिसरी १.४० मीटरची. येथे राबणारे एखादे कुटुंब राहत असावे, असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे.

२१/ होरेसची पंगत खोटी नव्हती. निर्भयपणे बोलण्याची आणि सर्वांना सारखे वाढण्याची आस खरी होती आणि एका मुक्तदासाच्या मुलाने ती बोलून दाखवली, हे विशेष. पण त्या पंगतीचे वर्णन जेवणाऱ्यांनी लिहिले. रांधणाऱ्यांनी लिहिलेले एकही पान आपल्यापर्यंत आलेले नाही. त्यांच्यासाठी इतिहासाला शिध्याचा तक्ता वाचावा लागतो, धन्याच्या धमकीतील आकडा मोजावा लागतो आणि राखेत उमटलेल्या बाजेची लांबी मापावी लागते. ती लांबी १.४० मीटर भरते.
(समाप्त)