साठीनंतरची नवी डोकेदुखी : दुर्लक्ष केल्यास दृष्टीला धोका

देवपूर (धुळे) - साठी उलटलेल्या व्यक्तीला पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी जडते. कानशील ठणकते, केस विंचरताना डोक्याची त्वचा हुळहुळते, कळण्याची भाकरी चावताना जबडा भरून येतो आणि चावणे थांबविले की दुखणे ओसरते. अर्धशिशी, सायनस, दात किंवा वय यांना दोष देऊन अनेक घरांत बाम चोळण्यावरच भागविले जाते. मात्र, यामागे ‘जायंट सेल आर्टेरायटिस’ हा धमन्यांचा दाह असू शकतो. उपचारांस विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो.

आजाराचे स्वरूप
या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मध्यम व मोठ्या धमन्यांवर उलटते. धमनीची भिंत सुजून रक्ताचा मार्ग अरुंद होतो. सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी दिसतात, त्यावरून हे नाव पडले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. बेयर्ड हॉर्टन यांनी १९३२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. पन्नाशीच्या आत तो सहसा होत नाही. सत्तरीनंतर प्रमाण वाढते आणि स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट असते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत तो अधिक, तर भारतात विरळ आढळतो. त्यामुळेच येथे त्याची शंका लवकर येत नाही.

डोळे व मेंदू
डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटल्यास वेदना न होता एका डोळ्याची दृष्टी जाते. उपचार न झाल्यास काही दिवसांत वा आठवड्यांत दुसरा डोळाही बाधित होऊ शकतो. कवटीच्या आतील धमन्या बहुधा बचावतात. पण मानेतून मेंदूच्या मागील भागाकडे जाणाऱ्या धमन्या सुजल्यास पक्षाघात होऊ शकतो. तोल जाणे, चक्कर येणे, एकाची दोन दिसणे ही त्याची लक्षणे होत.

निदान
ईएसआर व सीआरपी या रक्तचाचण्या प्रथम करतात. ईएसआरची सोय साध्या प्रयोगशाळेतही असते. त्यासाठी देवपूरच्या रुग्णाने नाशिक-मुंबईची वाट धरण्याची गरज नाही. सोनोग्राफीत सुजलेल्या धमनीभोवती काळे कडे दिसते. खात्रीसाठी कानशिलाच्या धमनीचा तुकडा काढून तपासतात. दाह सलग नसल्याने हा तुकडा किमान एक सेंटिमीटर लांबीचा घेतात.

उपचार
दाट शंका असल्यास तुकड्याच्या अहवालासाठी न थांबता स्टेरॉइड सुरू करणे हा उपचाराचा मूलमंत्र आहे. औषध सुरू झाल्यानंतर एक-दोन आठवड्यांतही तपासणी उपयुक्त ठरते. सामान्यतः प्रेडनिसोलोन रोज ४० ते ६० मिलिग्रॅम देतात. दृष्टी धोक्यात असल्यास शिरेतून मोठी मात्रा दिली जाते. पुढे वर्ष-दोन वर्षांत ती हळूहळू कमी करतात. या काळात रक्तातील साखर, हाडे व क्षयाचा संसर्ग यांवर लक्ष ठेवावे लागते. २०१७ मध्ये अमेरिकेत टोसिलिझुमॅब या औषधालाही मान्यता मिळाली.

बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आणि पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी, जबड्याचे दुखणे किंवा क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. उरलेली मात्र वाचविता येते.