जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा सोडताय? आधी खुराड्यातली उतरंड समजून घ्या

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांकडं हा प्रकार ठरलेला असतो. जुन्या कोंबड्यांची अंडी कमी झाली म्हणून बाजारातून पाच-सहा तलंगा आणल्या जातात. संध्याकाळी त्या खुराड्यात सोडायच्या आणि दार लावून घ्यायचं. सकाळी बघावं तर एकीचं डोकं रक्तबंबाळ, दुसरी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली आणि एखादी मेलेली. मग कुणीतरी म्हणतं, मुंगसानं धरलं असंल. खुराड्याला कुठं भोक नसेल, तर मुंगसाला दोष देण्यात अर्थ नाही. काम घरच्याच कोंबड्यांनी केलेलं असतं.

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. तिला वाढवायला तीन-चार महिन्यांचं खाद्य आणि राखण लागलेली असते. ती एका रात्रीत गेली की नुकसान नुसत्या एका पक्ष्याचं होत नाही, पुढच्या वर्षभराच्या अंड्यांचंही होतं.

पण जुन्या कोंबड्या एवढ्या का पिसाळतात?

नॉर्वेमध्ये थॉर्लिफ श्येल्डरुप-एब्बे नावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांना लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा नाद होता. कोण कुणाला टोचतं याच्या ते नोंदी ठेवायचे. त्यातून १९२१ च्या सुमारास त्यांनी एक गोष्ट मांडली. कळपात कोंबड्यांची एक उतरंड असते. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना टोचते आणि सगळ्यात खालची फक्त टोचे खाते. इंग्रजीतला ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्द, जो आज ऑफिसातल्या राजकारणासाठीही वापरतात, तो इथूनच आला.

ही उतरंड ठरली की कळपात शांतता असते. दाणे टाकल्यावर कुणी आधी खायचं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं रोज भांडावं लागत नाही. कोंबड्या एकमेकींना तुरा आणि चेहऱ्यावरून ओळखतात. अनोळखी चेहरा आला की पूर्ण हिशोब नव्यानं मांडावा लागतो. म्हणजे थोडी टोचाटोची होणारच, ती कुणी थांबवू शकत नाही. ती जिवावर जाऊ नये एवढंच आपल्या हातात असतं.

त्यासाठी पहिली अट म्हणजे एकटी तलंग कधीच सोडू नका. मार वाटला जाईल असा गट हवा, निदान तीन तरी. दुसरी अट आकाराची. नव्या कोंबड्या जुन्यांच्या जवळपास अंगाच्या झाल्याशिवाय त्यांची गाठ घालू नये. साधारण बारा ते सोळा आठवडे हे वय बरं. पशुसंवर्धन खात्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत २५ तलंगा आणि ३ नर असा जो गट मिळतो, तो आठ ते दहा आठवड्यांचा असतो. म्हणजे तो घरी आला त्याच दिवशी जुन्या कळपात सोडायचा नाही, अजून महिनाभर वेगळाच वाढवायचा. घरच्या जुन्या कोंबड्या बारक्या गावरान आणि नव्या वनराज किंवा गिरिराज असतील तर अंगाचं गणित बदलतं. तिथं वयाकडं कमी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराकडं जास्त बघा.

आता मारामारीपेक्षा मोठं संकट, रोगराई. टोचून एखादी मरते, पण रोगानं सगळं खुराडं रिकामं होतं. बाहेरून आणलेले पक्षी किमान तीन-चार आठवडे लांब ठेवावेत. लांब म्हणजे घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळं भांडं, वेगळं पाणी. आधी जुन्यांना दाणापाणी करायचं, नव्यांकडं शेवटी जायचं आणि मग हात-पाय धुवायचे. शिंका, नाकातून पाणी, हिरवी किंवा रक्ताची हगवण, मान वाकडी होणं यातलं काही दिसलं तर गाठ घालायचा विषयच बंद. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग लस न दिलेल्या कळपात फार वेगानं पसरतो. त्यामुळं विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न दराचा नको, लासोटा आणि देवीची लस झाली का हा हवा. आठव्या आठवड्याच्या आसपास राणीखेतची आर-टू-बी लस देतात, तीही राहिली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घ्या.

धोका उलट्या बाजूनंही असतो, हे बरेच जण विसरतात. जुन्या कोंबड्या वरून ठणठणीत दिसल्या तरी त्यांच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू पडत असतात. त्यांना त्याची सवय झालेली असते, कोवळ्या पिल्लांना नसते. म्हणून खालची लिटर, मग ती भाताचं तूस असो की लाकडाचा भुसा, कोरडी पाहिजे. पावसाळ्यात ओल्या लिटरवर नवी पिल्लं आणून सोडणं म्हणजे आजाराला बोलावणं. आणि एकाएकी बरेच पक्षी मरायला लागले तर ते गुपचूप पुरू नका, दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला होता आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात पुन्हा तेच झालं.

वेगळं ठेवायचे दिवस संपले की खरी गाठ घालायची, पण जाळीतून. अंगणातच कोंबडजाळी बांधून एक कोपरा करा आणि नव्या तलंगा दिवसभर त्यात ठेवा. दिसतील, आवाज येईल, पण चोच पोचणार नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंना खाद्याची भांडी ठेवली की समोरासमोर खायची सवय होते. आठ-दहा दिवस हे चालू द्या. जुन्या कोंबड्या जाळीवर धावून जायच्या थांबल्या की ओळख झाली समजा. जागा नसेल तर मोठ्या डालग्याखाली नव्या कोंबड्या ठेवूनही हे होतं, फक्त डालगं सावलीत हवं आणि आत पाणी हवं.

पहिल्यांदा मोकळं सोडताना खुराड्यात सोडू नका, अंगणात सोडा. पळायला जागा असली की निम्मी भांडणं तिथंच संपतात. दुपारचे दोन-तीन तास पुरेत, आणि तेव्हा घरातलं कुणीतरी तिथं बसलेलं असावं. मेथीची जुडी किंवा कोबीचा गड्डा दोरीनं उंचावर टांगला तर सगळ्यांचं लक्ष तिकडं जातं. पाण्याची आणि खाद्याची भांडी वाढवा आणि एकमेकांपासून लांब ठेवा. नाहीतर दांडगी कोंबडी एका भांड्यापाशी उभी राहते आणि बाकीच्यांना उपास घडतो. एक फळी भिंतीला तिरकी लावून ठेवली तरी तलंगांना लपायला आडोसा होतो.

रात्री अंधारात नव्या कोंबड्या दांडीवर नेऊन बसवायच्या, सकाळी जुन्यांना कळतही नाही, असं गावोगावी सांगतात. अर्धं खरं आहे. अंधारात कोंबडीला दिसत नाही, त्यामुळं रात्र शांत जाते आणि नव्यांना झोपायची जागा कळते. पण उजाडल्यावर चेहरे दिसतातच. जाळीतली ओळख न करता हा उपाय केला आणि दार उशिरा उघडलं, तर बंद खुराड्यात पळायला जागाच नसते. करायचं असेल तर तांबडं फुटायच्या आत दार उघडा. खुराड्यात एका कोंबडीमागं दोन चौरस फूट तरी जागा नसेल, तर हे करूच नका.

खाद्याची एक अडचण येते. लेयर मॅशमध्ये अंड्याच्या कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, ते न घालणाऱ्या तलंगांच्या मूत्रपिंडाला बाधतं. दोन वेगळी खाद्यं एका कळपात सांभाळणं जमत नाही. सोपा मार्ग म्हणजे सगळ्यांनाच ग्रोवर मॅश द्यायचं आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. अंड्यावरच्या कोंबड्या गरजेपुरता तो खातात.

पिसं उपटणं, पाठलाग, एखादा टोचा याकडं दुर्लक्ष करा. रक्त दिसलं की मात्र लगेच उठा. लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथंच टोचतात. जखमी कोंबडी बाजूला घ्या, जखम धुऊन हळद लावा आणि खपली धरून पिसं झाकेपर्यंत परत सोडू नका. एकच कोंबडी सगळ्यांना छळत असेल तर नव्यांना हलवण्यापेक्षा त्या दांडगीलाच तीन-चार दिवस लांब कोंडा. परत येईल तेव्हा तिची वरची जागा गेलेली असते.

रोज संध्याकाळी नव्या कोंबड्यांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपून बघा. भरलेली, टणक लागली तर तिला खायला मिळतंय. रिकामी लागली तर ती दिवसभर उपाशी आहे, मग अंगणात कितीही शांत दिसत असो.

खुडूक कोंबडीनं कळपातच उबवलेली पिल्लं असतील तर यातलं बरंच काही लागत नाही. आईच पिल्लांना कळपात फिरवते आणि जवळ येईल तिच्या अंगावर जाते. फक्त पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की तीच त्यांना टोचून दूर करते. त्या आठवड्यात पिल्लं रात्री कुठं झोपतात ते बघून ठेवा, कारण खुराड्यात शिरायला घाबरलेली पिल्लं झाडाखाली बसतात आणि तिथं खरोखरच मुंगूस येतं.