बोली जुळविण्याच्या हक्काची कुळकथा

व्यावसायिक कबड्डीच्या लिलावात एखाद्या नामांकित चढाईपटूवरची बोली चढत चढत जाते, अखेरचा आकडा उच्चारला जातो, हातोडा पडतो, आणि तरीही तो खेळाडू कोणाचा हे ठरलेले नसते. कारण गेल्या मोसमात तो ज्या संघाकडून खेळला त्या संघाला, याच किमतीला आपला जुना गडी आपण परत घेणार काय, असा प्रश्न त्यानंतर विचारला जातो, आणि होकार आला तर बोली जिंकणाऱ्याला हात चोळीत बसावे लागते. या हक्काला कबड्डीच्या वर्तुळात ‘एफबीएम कार्ड’ म्हणतात, क्रिकेटच्या वर्तुळात ‘राइट टू मॅच’. प्रेक्षकांना तो दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी काढलेला एक नवा चमत्कार वाटतो; वस्तुतः त्याचे कूळ दीडशे वर्षांच्या आसपास जुने आहे, आणि त्या कुळाचा वृत्तांत म्हणजे खेळाडूवर हक्क कोणाचा या एकाच वादाचा वृत्तांत होय.

मूळपुरुष अमेरिकेतला. 1879 च्या सप्टेंबरात बफेलो शहरी भरलेल्या बैठकीत बेसबॉलच्या राष्ट्रीय संघटनेच्या मालकांनी आपसांत असा ठराव केला, की प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना शिवू नये. खेळाडूंना त्यात कोणी विचारले नव्हते. करारनाम्याची मुदत संपली तरी गडी सुटत नसे. त्याने त्याच मालकाकडे, त्याच मालकाने ठरविलेल्या वेतनावर रुजू व्हावे, नाही तर खेळ सोडावा, अशी ही व्यवस्था हळूहळू सर्व खेळाडूंवर पसरली आणि 1975 मधल्या लवादाच्या निवाड्यापर्यंत टिकली. इंग्लंडात फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी याच बेडीला दुसरी कडी जोडली: 1901 पासून आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन कोणालाही द्यावयाचे नाही. ही कमाल मर्यादा वाढत वाढत वीस पौंडांवर येऊन 1961 मध्ये रद्द झाली, आणि खेळाडू राखून ठेवण्याच्या पद्धतीलाही जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल संघाविरुद्ध केलेल्या दाव्यात 1963 साली न्यायासनाने अन्याय्य ठरविले.

जुनी बेडी तुटल्यावर मालकांपुढे उलटा पेच आला. मोकळा झालेला खेळाडू ज्याचा खजिना मोठा त्याच्याकडे जाणार, आणि मग स्पर्धेत चुरस ती काय राहणार? म्हणून बंधन खेळाडूच्या अंगावरून काढून मालकाच्या थैलीवर घालण्यात आले. अमेरिकेच्या बास्केटबॉल स्पर्धेने 1984-85 च्या मोसमापासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला 36 लक्ष डॉलरांची मर्यादा घातली. मात्र ती घालताना आपल्याच जुन्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करण्यासाठी मर्यादा ओलांडण्याची सवलत ठेविली, आणि बोस्टनच्या लॅरी बर्डचे नाव त्या सवलतीला कायमचे चिकटले. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीने असली सवलत ठेविली नाही. मालक आणि खेळाडू यांच्या तंट्यात 2004-05 चा सबंध मोसम वाया गेल्यावर तिथे 3 कोटी 90 लक्ष डॉलरांची मर्यादा आली ती अगदी कडक, आणि कोणाही एका खेळाडूला त्या रकमेच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक वेतन मिळू नये असाही निर्बंध तिच्यासोबत आला. त्या मर्यादेचा जाच शिकागोच्या संघाइतका क्वचितच कोणाला झाला असेल: 2010 साली त्यांनी स्टॅन्ली चषक जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात, हिशेब जमेना म्हणून, विजेत्या संघातले कितीतरी मोहरे दुसऱ्यांच्या हवाली केले.

आपल्याकडे ही विद्या क्रिकेटच्या वाटेने आली. आयपीएलच्या 2008 मधल्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला पन्नास लक्ष डॉलरांची थैली होती, आणि तेंडुलकर, गांगुली, द्रविड, सेहवाग व युवराज या पाच मानकऱ्यांना लिलावात न आणता त्यांच्या त्यांच्या शहराकडेच ठेवून, संघातल्या सर्वांत महाग खेळाडूहून शेकडा पंधरा अधिक मोबदला देण्याची तजवीज केलेली होती. 2011 मध्ये चारपर्यंत खेळाडू राखता येऊ लागले, पण राखलेल्या प्रत्येकाची ठराविक रक्कम थैलीतून वजा होई. 2014 मध्ये थैली साठ कोटींची झाली आणि त्या वर्षीच बोली जुळविण्याचा हक्क प्रथम अवतरला. मैदानी हॉकीच्या आपल्या साखळीनेही 2013 च्या पहिल्या मोसमापासून लिलाव आणि थैली यांचाच अंगीकार केला.

कबड्डीचा इतिहास मात्र निराळ्या मातीतला आहे, आणि या कुळकथेतला मला सर्वांत जवळचा भाग तोच वाटतो. महाराष्ट्रात गडी राखण्याचे साधन पैशाची थैली नव्हते, नोकरी होती. मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, पोलीस दल, देना बँक, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र अशा आस्थापनांचे संघ असत. गावच्या किंवा चाळीच्या मंडळातून पुढे आलेल्या पोराला तिथे हुद्दा मिळे, दरमहा पगार मिळे, गुडघा निकामी झाल्यावरही घर चाले. त्या काळी दुसऱ्या संघाचा चांगला गडी फोडायचा म्हणजे त्याला अधिक पक्क्या नोकरीचे आश्वासन द्यायचे. त्या व्यवस्थेत कोणी धनवान झाला नाही हे खरे. पण खेळाडूच्या उभ्या आयुष्याची काळजी तिच्यात होती, आणि एका मोसमाच्या बोलीत ती कधीच नसते, हे नव्या युगाचे गोडवे गाताना आपण विसरता कामा नये.

2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सर्वांत महाग ठरलेला राकेश कुमार 12 लक्ष 80 हजारांना गेला होता. अवघ्या चार वर्षांत, सहाव्या मोसमाच्या लिलावात, थैली चार कोटींची झाली, कबड्डीपटू कोटीची रेषा ओलांडू लागले आणि एफबीएम कार्डही हाती आले. त्याच कार्डाच्या बळावर तेलुगू टायटन्सने राहुल चौधरीला 1 कोटी 29 लक्षांना आणि यू.पी. योद्धाने मुंबईच्या रिशांक देवाडिगाला 1 कोटी 11 लक्षांना आपल्याकडेच ठेविले. पुढच्याच वर्षी या हक्काची दुसरी बाजू दिसली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून एकाच मोसमात असा गाजला, की 2019 च्या लिलावात त्याच्यावरची तेलुगू टायटन्सची बोली 1 कोटी 45 लक्षांवर गेली, आणि मुंबाने तो आकडा जुळविला नाही. ज्याने खेळाडू घडविला त्यालाच तो परवडू नये, हे मर्यादित थैलीच्या पोटातले दुःख होय. 2021 मध्ये टायटन्सने मात्र त्याला 1 कोटी 30 लक्षांना कार्ड वापरून परत घेतले.

आता नगरकडे येतो. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये आला तो नवोदित तरुण म्हणून, लिलावातून नव्हे. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगचौ येथे आशियाई सुवर्णपदकाच्या वादळी सामन्यात भारताने इराणला 33-29 असे हरविले तेव्हा तो भारतीय संघात होता आणि मोहम्मदरेझा शादलू समोरच्या संघात. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला, आणि पलटणने त्याच शादलूला 2 कोटी 35 लक्षांना घेतले; थैली पाच कोटींची, म्हणजे जवळजवळ निम्मी रक्कम एका परक्या बचावपटूवर. अस्लम कर्णधार, शादलू बचावाचा आधारस्तंभ, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पलटणने आपले पहिले विजेतेपद मिळविले. शादलूने त्या मोसमात पकडींचे 99 गुण मिळविले. मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला अस्लम.

मग हिशेबाची वही उघडली गेली. अस्लम, पंकज मोहिते, मोहित गोयत यांच्यासारखी घरची तरुण फळी राखायची, तर शादलूला सोडणे भाग होते. पलटणने त्याला सोडले, 2024 च्या ऑगस्टात हरियाणाने 2 कोटी 7 लक्षांना उचलले, आणि डिसेंबरच्या अखेरीस, तेही पुण्यातच, हरियाणा विजेता ठरला. पलटण बाद फेरीतही पोहोचू शकली नाही. त्यात अस्लमचा गुडघा मोसमाच्या मध्यातच दुखावलेला. या नगरच्या भूमीला असला प्रसंग नवा नाही. 1624 साली नगरजवळच्या भातवडीला निजामशाहीने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला, त्यात शहाजीराजांचा पराक्रम मोठा, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. आणि पुढच्याच वर्षी मलिक अंबराशी बिनसून शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. विजयानंतरचा काळ राज्याला पराभवाहून अवघड जातो, तसाच संघालाही.

पण या दोहोंत एक भेद आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. शहाजीराजांनी आपली किंमत आणि आपला धनी स्वतः ठरविला. बोली जुळविण्याच्या हक्कातही खेळाडूचा इतका तरी मान राखला जातो, की जुन्या मालकाला त्याला ठेवायचे असेल तर भर सभेत ठरलेला भाव मोजूनच ठेवावे लागते. 2024 मध्ये टायटन्सने पवन सेहरावतला कार्डाने परत घेतले ते 1 कोटी 72 लक्ष 50 हजार मोजून. म्हणूनच बफेलोच्या ठरावाच्या वंशातला हा सर्वांत सुसंस्कृत वारस होय असे मी म्हणतो. उलट लिलावात न आणता जे तरुण राखले जातात, त्यांचा भाव खुल्या सभेत कधी बोललाच जात नाही. संघबांधणीच्या दृष्टीने ही तरतूद शहाणपणाची आहे यात संशय नाही. जखमी कर्णधारावर भरवसा ठेवण्याची मुभाही तिच्यामुळेच मिळते. परंतु कबड्डीपटूची उमेदीची वर्षे थोडी, गुडघ्यांचे आयुष्य त्याहून थोडे, आणि पूर्वीसारखी नोकरीची सावली आता प्रत्येकाच्या डोक्यावर नाही; अशा स्थितीत दोन-तीन मोसम राखलेल्या तरुणाला एकदा तरी सभेत उभे करून, त्याच्यावरची बोली ऐकून, मग हवे तर कार्ड टाकून परत घ्यावे, असा नियम झाला तर संघाचा हक्क अबाधित राहील आणि खेळाडूला त्याचे मोल कळेल.

पलटणने अस्लमला 2025 सालीही लिलावात जाऊ दिले नाही. गुडघा सावरून तो पुन्हा कर्णधार म्हणून उतरला, आणि 31 ऑक्टोबर रोजी दिल्लीत त्याचा संघ अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून 31-28 असा तीन गुणांनी हरला.