न घेतलेला ताळा

आपल्या दहावीच्या ग्रुपवर मध्यंतरी कोणीतरी वैतागून विचारलं होतं, "हा फोन सारखा अपडेट, अपडेट करत मागे का लागतो? तुम्ही कॉम्प्युटरवाले एकदाच काय ते नीट का करत नाही?" उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा म्हटलं, तेच देऊ.

गणिताच्या बाई आठवतात ना? उत्तर बरोबर असलं तरी ताळा घेतला नाही म्हणून अर्धा गुण कापायच्या. २०१४ साली अर्ध्याअधिक जगाला असाच एक न घेतलेला ताळा महागात पडला.

ओपनएसएसएल नावाची एक सॉफ्टवेअर लायब्ररी आहे. वेबसाइट उघडल्यावर जे छोटं कुलूप दिसतं, त्यामागे बऱ्याचदा तीच राबत असते. ती ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचा कोड कोणीही वाचावा, फुकट वापरावा. दोन संगणकांमधली जोडणी जिवंत आहे का हे पाहायला तिच्यात 'हार्टबीट' नावाची सोय घातली गेली. एक संगणक म्हणतो, "'कमळ' हा तीन अक्षरी शब्द मला परत पाठव." दुसरा पाठवतो. पण कोणी लबाडीने म्हटलं, "शब्द 'कमळ', अक्षरं चौसष्ट हजार", तर? दुसरा मोजून बघतच नव्हता. 'कमळ' देऊन वर स्मृतीत शेजारी जे काही पडलं असेल तेही देऊन टाकायचा, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत. त्यात लोकांचे पासवर्ड असत, क्वचित सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा.

जर्मनीतल्या एका संशोधक विद्यार्थ्याचा हा कोड ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री प्रकल्पात दाखल झाला. प्रकल्पातल्या जाणत्या माणसाने तो तपासलाही होता. मार्च २०१२ मध्ये १.०.१ या आवृत्तीतून तो जगभर गेला आणि दोन वर्षं तसाच राहिला. कोड सगळ्यांना दिसतो, तेव्हा कोणीतरी वाचतच असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. प्रत्यक्षात या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळे आणि पूर्णवेळ माणूस एकच होता. मला विचाराल तर दोष त्या विद्यार्थ्यापेक्षा आम्हा फुकट वापरणाऱ्यांचा जास्त. मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले, पण घर जळाल्यावर.

गूगलचे नील मेहता आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन कंपनीतले अभियंते या दोघांनाही ही चूक स्वतंत्रपणे सापडली. ७ एप्रिल २०१४ ला ती जाहीर झाली, नाव पडलं 'हार्टब्लीड', आणि दुरुस्त आवृत्तीही त्याच दिवशी आली. तरीही कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे ओळख क्रमांक चोरीला गेलेच.

दुसऱ्या दिवशी रामनवमी होती. मुलाला सासूबाईंकडे सोपवून मी ऑफिस गाठलं. नवी आवृत्ती टाकून भागत नव्हतं. जुना कोड स्मृतीत चालूच राहतो, म्हणून प्रत्येक सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची, मग किल्ल्या बदलायच्या, मग नवी प्रमाणपत्रं. यादीतले सगळे सर्व्हर दोन दिवसांत झाले. पेढे वाटले आम्ही!

तीन आठवड्यांनी यादीत नसलेला एक सर्व्हर सापडला. चाचणीसाठी वर्षभरापूर्वी मीच उभा केला होता, घाईत खऱ्या सर्व्हरची किल्ली त्यावर कॉपी केली होती आणि विसरले होते. आम्ही किल्ली बदलली होती, पण जुनं प्रमाणपत्र रद्द करायचं राहिलं होतं. म्हणजे ती जुनी किल्ली अजूनही चालणारी होती. साहेबांकडे गेले, सांगितलं. ग्राहकाला फोनही मीच केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोणी काही नेलंय का?"

हार्टब्लीडची चोरी नेहमीच्या नोंदींत उमटत नसे. मी म्हटलं, "सांगता येत नाही." पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

ती सर्व्हरची यादी अजून माझ्याकडेच असते. दर सोमवारी मी तिचा ताळा घेते.